गृहपाठ आणि महिन्याचे बिल



ऑगस्ट २०२० मध्ये कॅलिफोर्नियातल्या सॅलिनास गावचा एक फोटो देशभर गाजला. टाको बेलच्या बाहेर जमिनीवर लॅपटॉप घेऊन बसलेल्या दोन शाळकरी मुली. शाळा बंद, वर्ग ऑनलाइन आणि घरी इंटरनेट नाही, म्हणून दुकानाच्या वाय-फायवर अभ्यास! सिलिकॉन व्हॅलीपासून हे गाव मोटारीने जेमतेम तासाभरावर. त्या कुटुंबाला पुढे मदत मिळाली. पण ज्यांचा फोटो कोणी काढला नाही त्यांचे काय?

त्यांच्यासाठी २०२१ च्या पायाभूत सुविधा कायद्यात १४.२ अब्ज डॉलर्सची तरतूद झाली. पात्र कुटुंबाला दरमहा ३० डॉलर्सपर्यंत सवलत. २ कोटी ३० लाखांहून अधिक कुटुंबांनी नाव नोंदवले, पैसे संपत आले, काँग्रेसने नवे दिले नाहीत आणि १ जून २०२४ ला योजना बंद पडली. आता उरली आहे ती रेगनच्या काळात, १९८५ साली, टेलिफोनसाठी सुरू झालेली लाइफलाइन; तिच्यात इंटरनेटला मिळतात महिना सव्वानऊ डॉलर्स. शाळा आणि ग्रंथालयांना विद्यार्थ्यांना घरी नेण्यासाठी हॉटस्पॉट देता यावेत म्हणून मिळणारा केंद्रीय निधीही एफसीसीने सप्टेंबर २०२५ मध्ये काढून घेतला. शाळा पुन्हा भरू लागल्या हे खरे. पण गृहपाठ ऑनलाइनच राहिला. मोबाइलच्या पडद्यावर पाच पानी निबंध लिहून पाहा म्हणजे कळेल.

आपल्या घरी हे बिल ऑटो-पेने जाते, आकडाही आठवत नाही. दान करतो तेही लॅपटॉपचे, कारण लॅपटॉप दिसतो. दर महिन्याचे बिल कोण भरणार हा प्रश्न मागे राहतो, आणि तो देणग्यांनी सुटणारा नाही.

न्यू यॉर्कने वेगळी वाट धरली. अल्प उत्पन्नाच्या कुटुंबांना १५ डॉलर्समध्ये २५ एमबीपीएस जोडणी देणे कंपन्यांवर बंधनकारक करणारा कायदा तिथे २०२१ मध्ये झाला. शाळेत मोफत वा सवलतीचे जेवण मिळणाऱ्या मुलांची घरेही त्यात येतात. कंपन्या कोर्टात गेल्या. डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकण्यास नकार दिला आणि जानेवारी २०२५ पासून कायदा लागू झाला. एटी अँड टीने राज्यातली आपली घरगुती ५जी सेवाच बंद केली, हेही सांगायला हवे. तरीही सरकारी तिजोरीतल्या सवलतीपेक्षा हा मार्ग आम्हाला टिकाऊ वाटतो. निधी संपला म्हणून तो आपोआप बंद पडत नाही.

मंडळी, असा कायदा आपल्या राज्यात का नाही, हे आपल्या विधानसभा सदस्याला लेखी विचारा. त्यांचे नाव माहीत नसेल (आपल्यापैकी बऱ्याच जणांना नसते!) तर आधी तेवढे शोधून काढा.