चार तारांपैकी दोन

गेल्या जूनमध्ये आमच्या थोरलीचा अकरावी प्रवेशाचा अर्ज भरायचा होता. माहितीचा पहिला भाग सायबर कॅफेत भरून झाला होता. कॉलेजांचा पसंतीक्रम तेवढा राहिला होता आणि मुदत होती दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत. फोनवर भरता आला असता, पण त्या चिंचोळ्या पडद्यावर एकसारख्या नावाची दोन कॉलेजे, त्यातले अनुदानित कोणते आणि विनाअनुदानित कोणते, हे नीट दिसेना. क्रम चुकला तर फीचा आकडा कुठल्या कुठे जातो. थोरली म्हणाली, "अब्बा, कॉम्प्युटरवर भरू या."

आमचा कॉम्प्युटर म्हणजे आपाच्या मुलाने नवा घेतल्यावर आमच्याकडे आलेला जुना. भाच्यानेच त्यात उबुंटू घालून दिले. ते लिनक्सच्या घराण्यातले, परवान्याचे पैसे लागत नाहीत. शाळेच्या प्रश्नपत्रिका आम्ही त्यावरच उर्दूत आणि मराठीत टाइप करतो. फक्त त्यात वायफाय नाही, आणि घरात ब्रॉडबँडही नाही. (तुमच्या यंत्रात वायफाय असेल तर फोनचा हॉटस्पॉट चालू करा नि मोकळे व्हा.) आम्हाला इंटरनेट घ्यायचे होते फोनमधूनच, केबल लावून. याला यूएसबी टेदरिंग म्हणतात.

केबल लावली. फोनवर चार्जिंगची खूण उमटली. सेटिंगमध्ये जाऊन पाहतो तो 'यूएसबी टेदरिंग'ची ओळ फिकट राखाडी. कितीही दाबा, ढिम्म हलत नाही. आम्ही थोरलीला विचारले, "तू काही सेटिंग बदललीस का?" ती नाही म्हणाली. पुन्हा विचारले, आणि या वेळी आवाज चढला. ती काही न बोलता आत निघून गेली. वर्गात पन्नास मुलांसमोर आम्ही असे कधी करत नाही, घरात करतो.

मग कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्याला फोन लावला. त्याने ऐकूनही घेतले नाही. "सर, लिनक्सला ड्रायव्हर मिळत नाहीत. विंडोज टाकू, परवा या." परवा म्हणजे मुदत संपल्यावर!

इशानंतर भाचा फोनवर सापडला. त्याने टर्मिनल नावाची काळी खिडकी उघडायला सांगितली आणि एल, एस, यू, एस, बी ही पाच इंग्रजी अक्षरे लहान लिपीत, सलग टाइप करून एंटर दाबायला लावले. यूएसबीला जोडलेल्या वस्तूंची यादी आली. माउस होता, कीबोर्ड होता. फोन नव्हता.

"मामू, कॉम्प्युटरला फोन दिसतच नाही, तर ड्रायव्हर काय करणार? केबल बदला."

फोनच्या साध्या केबलमध्ये चार बारीक तारा असतात. दोन विजेच्या, दोन माहितीच्या. स्वस्तातल्या काही केबलींमध्ये माहितीच्या दोन तारा घातलेल्याच नसतात. फोन छान चार्ज होतो, म्हणून केबलवर संशय जात नाही. आमची पांढरी केबल बसस्टँडबाहेरच्या गाड्यावरची होती. फोनसोबत आलेली मूळ केबल गेली कुठे? ती आमच्या अम्मीच्या उशाशी, त्यांच्या फोनला लावलेली होती. शोधून आणली थोरलीनेच, कोणी न सांगता. ती कॅबिनेटच्या मागच्या बाजूला लावली (पुढची भोके जुन्या यंत्रात बऱ्याचदा ढिली असतात), आणि ती राखाडी ओळ जिवंत झाली. बटण सरकवले.

तरी आमचे समाधान होईना. नेटवर्कच्या सेटिंगमध्ये आम्ही 'मोबाइल ब्रॉडबँड' शोधत बसलो, कारण डोक्यात डोंगलचा जमाना. तेव्हा ते छोटे मोडेम लावायचे, कंपनीचे एपीएन भरायचे, मग नंबर फिरवायचा. इथेही एपीएनचा रकाना दिसला आणि आम्ही त्यात अर्धा तास घातला. शेवटी भाचा हसला. "मामू, वर उजव्या कोपऱ्यात बघा ना, केव्हाचे जोडलेले आहे." तिथे 'वायर्ड' असे लिहिले होते. आम्ही तारेचे इंटरनेट घेतलेलेच नाही, म्हणून त्या शब्दाकडे पाहिलेही नव्हते. गंमत अशी, की मोडेमचे काम आता फोन स्वतःच्या पोटातच उरकतो. कॉम्प्युटरपुढे तो उभा राहतो राउटर बनून, म्हणून लिनक्स त्याला तारेच्या जोडणीत मोजते. फोन वायफायवर असेल तर बहुतेक फोन तेच वायफाय केबलमधून पुढे देतात. अँड्रॉइडही आतून लिनक्सवरच चालते, आणि या जोडणीचा ड्रायव्हर उबुंटूत आधीपासूनच असतो. दुरुस्तीवाल्याला हे कोण सांगणार?

एक खोड मात्र लक्षात ठेवा. केबल जरा निघाली तरी टेदरिंगचे बटण आपोआप बंद होते. दर वेळी पुन्हा चालू करावे लागते. आयफोन असेल तर तो आधी विचारतो, या कॉम्प्युटरवर विश्वास ठेवायचा का. हो म्हटल्याशिवाय पुढे जात नाही.

एवढे होते न होते तोच धाकट्याने 'अपडेट आले आहेत' या चौकटीवर हौसेने होकार दिला. दिवसाच्या दीड जीबीतला बराचसा डेटा त्यात गेला. उरलेल्यात थोरलीने कॉलेजे एकेक करून लावली. आम्ही शेजारी बसून फीचे आकडे वाचत होतो. दोनदा क्रम बदलला. अर्ज सादर झाला तेव्हा रात्रीचे पावणेबारा झाले होते.

झोपण्यापूर्वी आम्ही तिला म्हटले, "केबलचा दोष होता, बेटा. तुझ्यावर उगाच ओरडलो."

"माहीत आहे," ती म्हणाली.

सकाळी पाहिले तर पांढऱ्या केबलला चिकटपट्टी लावलेली होती. त्यावर तिच्या अक्षरात: 'फक्त चार्जिंग. अब्बांनी कॉम्प्युटरला लावू नये.'