प्रवाशाच्या पिशवीतला चुगलखोर

हुपरीचा चांदीवाला हा महाराष्ट्रातला बहुधा सर्वांत सावध प्रवासी असावा. हातकणंगले तालुक्यातल्या या गावात आणि रेंदाळ, यळगूड, तळंदगे अशा आसपासच्या गावांत घरोघरी पैंजण घडतात, पण त्यांचे घाऊक गिऱ्हाईक गावात बसलेले नसते. ते उत्तरेत असते, दक्षिणेत असते, आणि त्याच्यापर्यंत माल घेऊन जाणे हा चांदी आटवण्याइतकाच या धंद्याचा भाग आहे. प्रवाशांसाठी निघणाऱ्या नवनव्या यंत्रांचे स्वागत करावे की नाही, हा प्रश्न म्हणूनच विमानतळावरच्या दुकानात न विचारता हुपरीच्या पेठेत विचारावा. सुट्टीवर निघालेल्या माणसाची बॅग हरवली तर त्याचे कपडे जातात. इथे बॅग हरवली तर कारखाना जातो. 2025 या एका वर्षात चांदीचा किलोचा भाव लाखाच्या आतून निघून दोन लाखांच्या पार गेला. दहा किलोची पिशवी तीच राहिली, जोखीम मात्र दुपटीहून अधिक झाली. अशा माणसापुढे दोन पक्ष उभे आहेत. विक्रेत्यांचा पक्ष सांगतो की सामानाचा माग दाखवणारी चकती, बोटाच्या ठशाने उघडणारे कुलूप, मालकाच्या मागोमाग आपोआप चालणारी बॅग घ्या आणि निर्धास्त व्हा. जुन्या वळणाचा पक्ष म्हणतो की आमच्या आजोबांनी यातले काही नसताना मुलूख पालथा घातला, ही सगळी चैन आहे. माझ्या मते दोन्ही पक्ष चुकतात, आणि दोघांची चूक एकच आहे: यंत्र काय करते एवढेच ते पाहतात, ते कुणाला काय सांगते हे पाहत नाहीत.

आधी आजोबांच्या पक्षाचा समाचार घेऊ, कारण तो लवकर आटोपतो. आजोबांजवळ यंत्र नव्हते, हेच मुळी खरे नाही. कमरेला आतून बांधायचा कसा ही प्रवाशाची युक्तीच होती, आणि चांगली विचारपूर्वक केलेली: पैसा अंगाला लागून राहील, झोपेत हात लावला तर कळेल, वरून सदरा घातला की दिसणार नाही. हुंडी ही तर त्याहून मोठी करामत. रोकड गावच्या पेढीवर भरायची, कागद घेऊन निघायचे, आणि परगावच्या पेढीवर तो वटवायचा. वाटेत कुणी लुटलेच तर त्याच्या हाती कागद लागणार. रेल्वेच्या खालच्या बर्थखाली सामान बांधायला कड्या असतात, आणि फलाटावर साखळी-कुलूप विकणारे फेरीवाले असतात. परदेशी पाहुण्याला हा प्रकार विचित्र वाटतो. आपल्याला त्यात काही नवल वाटत नाही, कारण नवलाई जाऊन सवय उरली आहे. बॅगेच्या मुठीतून साखळी ओवायची, ती कडीतून काढायची, कुलूप भिंतीच्या बाजूला फिरवायचे, आणि झोपताना एक वेढा उशाशी घ्यायचा. इतका सगळा विधी ज्यांनी बसवला त्यांना यंत्रविरोधक म्हणणे हा त्यांचा अपमान आहे. तेव्हा परंपरेचे नाव घेऊन नव्या साधनाला नाक मुरडण्याचा अधिकार कुणालाच पोचत नाही. परंपरेने साधने नाकारली नाहीत, निवडली. कसा, हुंडी, साखळी या तिन्हींत एक गुण समान आहे: मालाची खबर मालकाजवळच राहते.

विक्रेत्यांच्या पक्षाला मात्र सविस्तर उत्तर द्यावे लागेल, कारण त्यांच्याजवळ वस्तू आहे आणि ती खरोखर चालते. अॅपलची एअरटॅग ही चकती एप्रिल 2021 मध्ये बाजारात आली आणि मग तिच्यासारख्या अनेक आल्या. विमान कंपनीने भलत्याच शहरात पाठवलेली बॅग शोधायला त्यांचा उपयोग निर्विवाद आहे. पण ती चालते कशी ते पाहा. तिच्यात उपग्रहाशी बोलणारे काही नसते. ती ब्लूटूथवरून सतत हलकी हाक देत राहते, जवळून जाणारा एखादा योग्य जातीचा फोन ती ऐकतो आणि आपले ठिकाण कंपनीच्या संगणकाला कळवतो. म्हणजे चकतीचे सामर्थ्य भोवतीच्या अनोळखी फोनांवर अवलंबून. मुंबईच्या विमानतळावर ती बोलकी, रात्री दोन वाजता आडरस्त्यावर मुकी. आणि लूट बहुधा आडरस्त्यावरच होते. शिवाय रेडिओलहरींना धातू अडवतो, आणि सर्व धातूंत विजेची सर्वांत चांगली वाहक चांदीच आहे. पैंजणांच्या गठ्ठ्यात दडवलेली चकती ही आपल्याच मालाच्या भिंतीआड बसलेली असते. ती बाहेरच्या कप्प्यात ठेवली तर हाक ऐकू जाईल, पण मग ती चोराच्याही हाताला लागेल. या सगळ्यावर कडी म्हणजे तिच्यातली सुरक्षेची सोय. अशा चकत्या बायकांच्या पर्समध्ये, गाड्यांत लपवून त्यांचा पाठलाग करण्याचे प्रकार घडले, म्हणून अॅपल आणि गूगल यांनी मे 2024 पासून आयफोन आणि अँड्रॉइड दोन्हींवर इशारा देण्याची व्यवस्था केली: तुमच्यासोबत कुणा दुसऱ्याची चकती फिरते आहे. ही सोय आवश्यकच होती, तिच्याविषयी तक्रार नाही. पण बॅग पळवणाऱ्याच्या खिशातही फोन असतो. ज्याच्यापासून माल राखायचा, त्यालाच यंत्र सांगून मोकळे होते की माझ्यावर लक्ष आहे, मला फेकून दे. हरवलेली वस्तू शोधणे आणि चोरलेली वस्तू परत मिळवणे ही दोन वेगळी कामे आहेत; जाहिरातीत ती एकाच दमात सांगितली जातात.

कुलपांचीही तीच गत. परदेशी प्रवासासाठी मिळणाऱ्या ज्या कुलपांवर अमेरिकी तपासयंत्रणेची खूण असते, ती उघडायला त्या यंत्रणेजवळ सामाईक किल्ल्या असतात. 2014 मध्ये त्या किल्ल्यांचे छायाचित्र एका अमेरिकी वृत्तपत्रात छापून आले आणि पुढच्याच वर्षी कुणीही घरी छापून काढावेत असे त्यांचे त्रिमितीय नमुने इंटरनेटवर फिरू लागले. ठशाचे कुलूप त्याहून भारी असेल, पण चांदीची पिशवी पळवणारा ती जागेवर उघडत बसत नाही, पिशवीच नेतो. मालकामागे चालणाऱ्या किंवा बसायला खुर्ची होणाऱ्या बॅगेविषयी तर काय बोलावे! ज्याच्या सामानाकडे कुणी दुसऱ्यांदा पाहू नये अशी त्याची गरज आहे, त्याला फलाटभर माना वळतील अशी बॅग विकणे ही विक्रीकला झाली. फोन चार्ज करणाऱ्या ‘स्मार्ट’ बॅगांचे पुढे काय झाले तेही लक्षात ठेवावे. त्यांच्यातली लिथियम बॅटरी काढता येत नसेल तर बॅग विमानात घेणार नाही, असे अमेरिकेतल्या मोठ्या विमान कंपन्यांनी जानेवारी 2018 पासून ठरवले, आणि त्या बॅगांचे नाव गाजवणारी ब्लूस्मार्ट कंपनी त्याच वर्षी बंद पडली.

मग मुद्द्याचे काय? चांदी-सोन्याच्या लुटीच्या बातम्या सावकाश वाचल्या तर एक शब्द वारंवार भेटतो: टीप. कोण, कधी, कोणत्या गाडीने, किती माल घेऊन निघाला, ही खबर हाती असल्याशिवाय टोळी रस्त्यावर उतरत नाही. शस्त्र नंतरचे. तेव्हा ठावठिकाणा जाणणारे प्रत्येक यंत्र हे उद्याचे टीप देणारे असू शकते, आणि त्याचे स्वागत करण्यापूर्वी त्याचे कान कुणाकडे आहेत आणि तोंड कुणाकडे, हे विचारलेच पाहिजे. फास्टॅगचेच घ्या. 2021 च्या फेब्रुवारीपासून तो सर्व चारचाकींना सक्तीचा झाला, रांगा कमी झाल्या, चांगलेच झाले. पण पुण्याकडे निघालेल्या गाडीने किणीचा नाका ओलांडला, मग तासवडेचा ओलांडला, की त्या त्या वेळी एक संदेश नोंदवलेल्या मोबाइलवर जातो. तो मोबाइल मालकाच्या खिशात असेल तर ती राखण आहे. दुकानाच्या गल्ल्यावर पडलेला, येणारा-जाणारा उचलून पाहतो असा असेल, तर गाडीचे वेळापत्रकच चव्हाट्यावर टांगल्यासारखे आहे. यंत्र एकच, फरक पडतो तो ऐकणाऱ्याचा. हे तत्त्व मी घरात बसून काढलेले नाही, सरकारने ते कायद्यात लिहिले आहे. मालवाहतुकीच्या ई-वे बिलातून दागिने आणि चांदीकामाला सर्वसाधारण सूट आहे. 2023 साली सोने, जडजवाहीर यांच्या राज्यांतर्गत वाहतुकीची नोंद मागण्याचा अधिकार राज्यांना मिळाला, तेव्हाही त्या नोंदीतून वाहनाचा तपशील असलेला भाग वगळण्यात आला. कर बुडू नये म्हणून माल नोंदवा, पण तो कोणत्या गाडीत आहे ते लिहू नका. जे जीएसटी खात्याला कळले ते बॅग विकणाऱ्यांना कळू नये, हे नवलच.

या कसोटीला उतरणारी साधने आहेत, आणि त्यांचे स्वागत हात आखडून करू नये. पहिला मान बँकेतून पैसे पाठवण्याच्या सोयीला. पूर्वी माणूस चांदी घेऊन जायचा आणि रोकड घेऊन यायचा, म्हणजे जोखीम दोन्ही वाटांनी. 1 एप्रिल 2017 पासून दोन लाख किंवा त्याहून अधिक रक्कम एका व्यवहारात रोख घेण्यास आयकर कायद्याने बंदी केली, आणि डिसेंबर 2020 पासून आरटीजीएस चोवीस तास सुरू झाले. परतीची पिशवी रिकामी झाली. हुंडीचे काम हुंडीपेक्षा वेगाने होऊ लागले. प्रवाशाच्या साधनांच्या कोणत्याही यादीत आरटीजीएसचे नाव नसते, पण प्रवासातली इतकी भीती दुसऱ्या कशानेच कमी केलेली नाही. यावर कुणी म्हणेल की चांदीच्या धंद्यात पुष्कळदा पैशाऐवजी धातूच परत येतो, पैंजणांच्या बदल्यात शुद्ध चांदी आणि वर मजुरी. तो तारेतून कसा येणार? आक्षेप रास्त आहे. तो धातू गाडीतूनच येणार, आणि तिथे गाडीला, पिशवीला नव्हे, जीपीएस बसवणे योग्य. ते काचेजवळ असते, उपग्रह पाहू शकते, सिमकार्डवरून बोलते. मात्र ते पाहण्याचा पासवर्ड एकाच माणसाजवळ हवा. हीच गोष्ट नमुन्यांची. पैंजणांची छायाचित्रे मोबाइलवर धाडली तर फेऱ्या वाचतात हे खरे; हातातले वजन आणि घुंगरांचा नाद त्यात उतरत नाही, हेही खरे. पण खरा धोका वेगळा आहे. आज पाठवलेली नक्षी उद्या दुसऱ्या राज्यातल्या साच्यातून निघाली तर वाचलेल्या तिकिटाची किंमत वसूल होते ती अशी. पाठवावी, पण जुन्या गिऱ्हाइकाला. सगळ्या गटावर नव्हे.

दुसरा आक्षेप असा की ही सगळी चांदीवाल्याची रडकथा झाली, सामान्य प्रवाशाला कोण लुटायला बसले आहे? तर सामान्य प्रवाशालाही कसोटी तीच लागते, निकाल उलटा येतो. सह्याद्रीत वाट चुकलेल्या गिर्यारोहकाला किंवा रात्रीच्या रिक्षात एकट्या बसलेल्या मुलीला सापडायचे असते, लपायचे नसते. त्यांचे यंत्र जितके बोलके तितके बरे. इस्रोने खोल समुद्रातल्या मच्छीमारांसाठी संकटाची हाक देणारे यंत्र बनवले ते याच विचाराने. म्हणून गोव्यात जे घडते त्याची खंत वाटते. डोंगरदऱ्यांत नेटवर्क नसेल तर मदत मागता यावी म्हणून जगभरचे भटके खिशात उपग्रह-संदेशाचे छोटे यंत्र ठेवतात. आपल्याकडे परवान्याशिवाय ते बाळगणे गुन्हा आहे, आणि ते निरागसपणे तपासणीच्या ट्रेमध्ये ठेवणाऱ्या परदेशी पाहुण्यांना गोव्याच्या विमानतळांवर पोलिसांच्या हवाली केले गेले आहे. 26 नोव्हेंबर 2008 च्या हल्लेखोरांनी समुद्रातून येताना उपग्रह फोन वापरले होते, तेव्हा सरकारची भीती पोकळ नाही. पण जो माणूस यंत्र आपण होऊन तपासनिसापुढे ठेवतो तो ते लपवत नाही, एवढे तरी ओळखायला हवे. उतरताच नोंदणी, किंवा पावती देऊन परतीपर्यंत जमा, एवढ्याने भागते. कोठडी कशाला?

सर्वांत अवघड आक्षेप शेवटचा. माग लागू नये अशी इच्छा नेमकी कुणाला असते? ज्याचे कागद साफ नाहीत त्याला, असे शंकेखोर म्हणणार, आणि निवडणुकीच्या दिवसांत नाक्यांवर उभ्या असलेल्या पथकांना ते पटते. उत्तर असे की दरोडेखोरापासून लपणे आणि कायद्यापासून लपणे यांची गल्लत करू नये. दरोडेखोरापुढे मौन लागते, कायद्यापुढे पुरावा, आणि दोन्ही एकाच खिशात राहू शकतात. सप्टेंबर 2025 पासून चांदीच्या दागिन्यांनाही ऐच्छिक स्वरूपात हॉलमार्कसोबत सहा अक्षरअंकांचा ओळखक्रमांक मिळू लागला आहे. तो क्रमांक सरकारी अॅपवर घातला की दागिन्याची शुद्धता आणि तपासणी केंद्र कळते; तो आज कोणत्या गाडीत आहे हे मात्र कळत नाही. नेमके एवढेच सांगणारे यंत्र हवे. कर्नाटक सीमेवरच्या कोगनोळीच्या नाक्यावर किंवा परराज्यातल्या दुसऱ्या एखाद्या चौकीत गाडी थांबली, तर व्यापाऱ्याने बीजकाचा क्यूआर दाखवावा, पथकाने तो जागेवर पडताळावा, माल ताब्यात घेतला तर वजन आणि शुद्धतेसह पावती त्याच क्षणी व्यापाऱ्याच्या मोबाइलवर यावी, आणि पिशवी उघडण्याचे काम भर रस्त्यात दहा जणांसमोर न होता चौकीच्या खोलीत व्हावे. यासाठी लागणारे तंत्र देशात आहे. हुपरीच्या कारखानदारांनी पुढाऱ्यांकडे एखादे यंत्र मागायचेच असेल, तर आधी हे मागावे.