फावेल का पुण्यात?

मागच्या वेळी उत्तरायणातल्या पतंगांवर आणि कापलेल्या बोटांवर लिहिलं होतं. बोटं बरी झाली. आता डोकं दुखतंय, कारण घरात सध्या एकच विषय आहे, माझी नोकरी.

एम.एस्सी. (केमिस्ट्री) होऊन आठ महिने झाले. आपल्या बडोद्यात केमिस्ट्रीवाल्यांना कामाची वाण नाही असं सगळे म्हणतात. ते खरंही आहे. अलेंबिक इथे १९०७ पासून आहे, कोयलीची रिफायनरी, खतांचा कारखाना, औषधांच्या लहानमोठ्या कंपन्या, सगळं आहे. फक्त प्रत्येक जागेसाठी अर्ज करणारेही तेवढेच आहेत. बहुतेक जाहिरातींत 'किमान दोन वर्षांचा अनुभव' असतो. अनुभव नाही म्हणून नोकरी नाही आणि नोकरी नाही म्हणून अनुभव नाही, हा हिंचका गेले आठ महिने झुलतोय.

जानेवारीच्या शेवटी मात्र एकाच आठवड्यात दोन ठिकाणांहून होकार आला. एक इथलीच औषध कंपनी, दुसरी पुण्याची.

पुण्याच्या मुलाखतीची गंमत सांगते. मुलाखत मराठीत सुरू झाली म्हणून मी खूश. समोरच्या मॅडमनी विचारलं, "सकाळी सातची शिफ्ट चालेल का?" मी म्हटलं, "हो, फावेल मला." त्या थबकल्या, मग हसल्या. "तुम्ही मूळच्या गुजराती का?" तुमच्या-आमच्या घरात 'फावेल' म्हणजे जमेल, सोयीचं पडेल. पुण्यात 'त्याचं फावलं' म्हणजे त्याने संधी साधून आपला फायदा करून घेतला! म्हणजे मी मुलाखतीत सांगून बसले की सकाळच्या शिफ्टमध्ये माझं चांगलंच फावणार आहे. मी त्यांना समजावलं की आम्ही बडोद्याचे मराठी, आणि हा आमच्या घरातला शब्द आहे. त्यांनी तो कागदाच्या कोपऱ्यात लिहून घेतला. नोकरी मिळाली ती केमिस्ट्रीमुळे की फावण्यामुळे, देव जाणे.

पण तो प्रश्न डोक्यात राहिला. इथे शाळेत मी 'मराठी' होते. डब्यात साबुदाण्याची खिचडी दिसली की मैत्रिणी विचारायच्या, "आज तुमचा कुठला उपवास?" आणि तिथे पहिल्या पाच मिनिटांत 'गुजराती' झाले. मला त्याचं वाईट वाटलं नाही. फक्त लक्षात आलं की पुण्याला जाणं म्हणजे 'आपल्या माणसांत' जाणं नव्हे. आत्या, मावश्या फोनवर तसं म्हणतात खरं, "अगं, आपल्याच गावी तर जायचंय!" माझं गाव हेच. दांडिया बाजारातून सुरसागरापर्यंत मी डोळे मिटून चालत जाईन. वाकडमध्ये मला नकाशा लागतो.

जिभेचंही तसंच. मुलाखतीनंतर मिसळ खाल्ली. मटकीची, वर फरसाण, तर्री झणझणीत. छान होती, खोटं कशाला बोलू? पण दुसऱ्या घासाला सेव उसळ आठवली. वाटाण्याची उसळ, लाल रस्सा, वर जाड शेव आणि कांदा, शेजारी पाव. ताट जवळजवळ तेच, फक्त वाटेत कडधान्य बदललं आणि नावही. भाकरवडीचा वाद तर दोन्ही शहरांत रंगतो, त्यात मी पडत नाही. लीलो चेवडो मात्र पुण्यात मागून बघा, दुकानदार तुमच्या तोंडाकडे बघत राहील.

आता खरा हिशेब. माझ्या वयाच्या वाचकांपैकी पुष्कळजण याच टप्प्यावर असतील, म्हणून आकडे उघड मांडते. पुण्याचा पगार हातात २८,००० रुपये, बडोद्याचा २२,०००. ऐकणारा लगेच म्हणतो, पुणे! पण कागद घेऊन बसले. पुण्यात तिघींच्या फ्लॅटमध्ये माझा वाटा ८,५००, डबा ४,५००, जाणं-येणं १,५००, महिन्यातून एकदा घरी यायचं तर बसचे २,०००. गेले १६,५००. उरले ११,५००. इथे पेट्रोल २,००० आणि घरात ५,००० दिले तरी १५,००० उरतात. म्हणजे जास्त पगाराची नोकरी महिन्याला साडेतीन हजारांनी तोट्यात!

बाबा मार्चअखेर निवृत्त होताहेत. त्यांनी कागद दोनदा वाचला आणि काही न बोलता परत दिला. त्यांचं न बोलणं मला कळतं.

पण कागदावर एक गोष्ट मांडता येत नाही. इथलं काम म्हणजे तयार औषधाच्या नमुन्यांची रोज ठरलेली तपासणी. मशीनवर नमुना लावा, आकडा घ्या, रजिस्टरमध्ये लिहा. पुण्याच्या लॅबमध्ये तपासणीची पद्धत बसवण्याचं काम आहे. कुठला द्रावक, किती तापमान, कुठला कॉलम, हे ठरवणाऱ्या गटात शिकाऊ म्हणून घेताहेत. दोन वर्षांनी त्या अनुभवावर मी परत बडोद्यात अर्ज करू शकते, आणि तेव्हा कुणी 'किमान दोन वर्षं' म्हणून परत पाठवणार नाही.

राहण्याच्या जागेचीही एक गोष्ट. खोल्या बघताना फोनवर पहिला प्रश्न भाड्याचा नसतोच. आडनाव काय, खाणं काय, 'आमची सोसायटी जरा वेगळी आहे.' माझ्यासोबत खोली शोधणाऱ्या मैत्रिणीला तीन ठिकाणी आडनाव ऐकूनच नकार मिळाला. पुण्याला नावं ठेवायच्या आधी आपण आपल्या शहराकडे बघावं. डॉ. आंबेडकर बडोदा संस्थानाच्या शिष्यवृत्तीवर १९१३ मध्ये अमेरिकेला गेले, आणि १९१७ मध्ये संस्थानच्या नोकरीसाठी इथे आले. एवढ्या शिकलेल्या माणसाला या शहरात कुणी खोली दिली नाही. पारशी धर्मशाळेतून त्यांना बाहेर काढलं गेलं, आणि ते कमाटीबागेत झाडाखाली बसून राहिले. ज्या बागेत आपण लहानपणी झुकझुक गाडीत बसलो, तीच ही बाग. शिकवायला पैसे देणारं शहर आणि छप्पर नाकारणारं शहर एकच होतं. म्हणून आम्ही दोघींनी ठरवलंय, जिथे दोघींना सारख्याच हसून किल्ली मिळेल तिथेच राहायचं, भाडं पाचशे जास्त पडलं तरी.

शेवटचं मत आजीचं. ती ८१ वर्षांची आहे, आणि तीच अडवेल असं आईला वाटत होतं. आजीने सगळं ऐकलं आणि विचारलं, "आपण बडोद्याला कशाला आलो, माहीत आहे का तुला?" मला वाटलं आता गायकवाडांची कथा येणार. ती म्हणाली, "तुझे पणजोबा रत्नागिरीकडून आले ते हिशेब खात्यात कारकुनी मिळाली म्हणून. इथे ओळखीचं कुणी नाही, भाषा येत नाही. सासूबाई सांगायच्या, पहिलं वर्षभर नुसते खुणा करून भाजी आणायचे. नोकरीसाठी गाव सोडणं ही या घरातली रीतच आहे हो. तू काही जगावेगळं करत नाहीस."

मग थोडं थांबून म्हणाली, "फक्त ते परत गेले नाहीत. तू येत जा."

तर मंडळी, मी पुण्याला जातेय. रुजू व्हायची तारीख पुढच्या महिन्याची तीन. रात्रीची स्लीपर बस आहे, भरूचला नर्मदा ओलांडेपर्यंत मी जागी असते, त्यानंतर थेट सकाळी उठते. बाबांनी त्या हिशेबाच्या कागदामागे स्वतःचं एक गणित करून दिलंय. निवृत्तीनंतर पहिलं वर्ष माझ्याकडून घरात काही नको, पण दर महिन्याला ३,००० तरी बँकेत टाकायचेच. आई डब्यांवर नावं लिहितेय. लीलो चेवड्याचे तीन डबे आहेत, त्यातला एक त्या मॅडमसाठी.

पुढचा लेख वाकडहून. तिकडे आपल्या बडोद्याचं कुणी असेल तर संपादकांकडे जरूर कळवा. निदान एका माणसाशी तरी 'फावेल' म्हटल्यावर अर्थ सांगावा लागू नये!