खुंटीवरचा बिल्ला

गेल्या खंडेनवमीला भाच्याची ईको व्हॅन आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये उभी होती. पुण्याच्या बिबवेवाडीत जुन्या, चार मजली, बिनलिफ्टच्या इमारती अजून बऱ्याच आहेत, त्यातलीच आमची एक. भाचा प्लंबिंगची कामं घेतो. पूजेसाठी म्हणून त्याने गाडीतलं सगळं सामान बाहेर काढलं आणि आम्ही दोघं ते ताडपत्रीवर मांडत गेलो. पाइप पाने निघाले चार, चारही दहा इंची. टेस्टर सात. मोजपट्ट्या पाच. टेफ्लॉन टेपची फोडलेली रिळं मोजायची आम्ही सोडूनच दिली. तळाशी अर्ध्या इंचाच्या सीपीव्हीसी एल्बोंची न फोडलेली पिशवी सापडली. तशीच पिशवी त्याने आदल्या आठवड्यात विकत आणली होती.

"मामा, सापडत नाही म्हणून पुन्हा घ्यावं लागतं," तो म्हणाला. "पार्टी वर दारात उभी असते. मी खाली शोधत बसलो की त्यांना वाटतं, याला काम येत नाही."

हे मला फार लागलं. मुलाच्या हातात कसब आहे, त्याने बसवलेला सांधा गळत नाही. पण चौथ्या मजल्यावरच्या बाईंना दिसतो तो चार वेळा जिना उतरणारा आणि घामाघूम होऊन परत येणारा प्लंबर. त्या खेपांचे पैसे कुणी देत नाही. उलट तासाचं काम अडीच तासांवर गेलं की मजुरीत घासाघीस होते.

माझी नोकरी भोसरीच्या एका कारखान्यात टूल रूममध्ये गेली. तिथे प्रत्येक कामगाराकडे स्वतःचा नंबर कोरलेले पितळी बिल्ले असत. खिडकीवर येऊन मायक्रोमीटर मागितला की त्याने एक बिल्ला द्यायचा, मी मायक्रोमीटर काढून त्याच खुंटीवर तो बिल्ला अडकवायचा. त्यामुळे खुंटीवर कधी हत्यार असे, कधी बिल्ला. रिकामी खुंटी दिसली की सुट्टीचा भोंगा होण्याआधी शोध सुरू. पुढे जपानी पद्धती आल्या, भिंतींवर 'फाइव्ह एस'चे फलक लागले, सेइरी, सेइतोन हे शब्द आम्ही पाठ केले. टोयोटाच्या ताइची ओनो यांनी अपव्ययाचे सात प्रकार सांगितले, त्यात माणसाची फुकटची हालचालही आहे, हे प्रशिक्षणात ऐकलं. शोधाशोध म्हणजे तीच. कारखान्यात त्यासाठी इंजिनिअर नेमतात, वर्ग घेऊन शिकवतात. गाडी घेऊन एकट्याने फिरणाऱ्या माणसासाठी मात्र असलं कुणी काही करत नाही. आयटीआयमध्ये प्लंबरचा अभ्यासक्रम एक वर्षाचा, इलेक्ट्रिशियनचा दोन वर्षांचा. त्यात एक आठवडा गाडी लावायला, हत्यारांची पेटी भरायला द्यावा, असं मला मनापासून वाटतं.

पूजा झाल्यावर मी त्याला म्हटलं, आता हे सामान परत आत टाकायचं नाही. आधी मांडणी करू.

जर्मनीत सॉर्टिमो, बॉट यांसारख्या कंपन्या कामाच्या गाड्यांचे रॅक बनवतात. ते आपल्या खिशाला परवडणारं नाही, पण त्यांची चित्रं पाहून कल्पना घेता येते. पहिला विचार स्लॉटेड अँगलचा होता. तो रद्द केला. वजन फार आणि खडखडाट त्याहून फार. भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमधून 12 मिलिमीटर प्लाय आणलं. सुतार 18चंच घ्या म्हणत होते, पण आठ बाय चारची 18ची एक शीट तीस किलोच्या वर भरते आणि 12ची वीसच्या आसपास. दोन शीट लागल्या, म्हणजे वीसेक किलो वाचले, आणि तेवढा माल जास्त नेता येतो. गाडी मुळात कार्गो म्हणून नोंदलेली, हे बरं झालं. पाच सीटची गाडी घेऊन मागची सीट काढून टाकतात, तसं करू नये. 1988च्या मोटार वाहन कायद्याच्या 52व्या कलमानुसार नोंदणीतल्या तपशिलाशी न जुळणारा बदल गाडीत करता येत नाही.

जड सामान खाली, हलकं वर, हे कुणालाही सुचेल. आम्हाला काळजी होती ती पुढच्या आडोशाची. आई माता मंदिराकडून गंगाधाम चौकात उतरणारा रस्ता ज्यांनी पाहिलाय त्यांना सांगायला नको. 40च्या वेगातली गाडी कशावर आदळून थांबली तरी मागचा मोकळा पाना थांबत नाही, तो त्याच 40च्या वेगाने चालवणाऱ्याच्या मानेकडे येतो. म्हणून आधी सीटमागे जाळी पक्की केली, मग फळ्या. प्रत्येक फळी आतल्या बाजूला जराशी कलती आणि कडेला बोटभर उंचीची पट्टी, म्हणजे दार सरकवल्यावर डबा पायावर येत नाही.

पाइप चिकटवायच्या सोल्यूशनच्या डब्यांची जागाही बदलावी लागली. ईकोचं इंजिन पुढच्या सीटखाली असतं, आणि भाचा डबे नेमके सीटमागे ठेवायचा. उन्हाळ्यात ते जेलीसारखे घट्ट व्हायचे. शिवाय ते ज्वलनशील. आता ते मागच्या दाराजवळ, उभे, ग्राइंडरपासून लांब.

खरा वाद झाला तो कशाशेजारी काय ठेवायचं यावर. भाच्याला दुकानासारखी मांडणी हवी होती: सगळ्या एल्बो एकत्र, सगळ्या टी एकत्र, सगळे पाने एकत्र. मी त्याला गेल्या महिन्यातली कामं आठवायला सांगितली. निम्म्याहून जास्त कामं दोनच प्रकारची निघाली: गळका नळ आणि फ्लशची टाकी. मग या दोन कामांसाठी दोन कॅरेट वेगळे काढले. मार्केट यार्डात फळांसाठी वापरतात तेच प्लॅस्टिकचे जाळीदार कॅरेट, एक निळा, एक लाल. निळ्यात बिब कॉक, अँगल कॉक, स्पिंडल, वॉशर, टेप, एक पाना, एक पक्कड आणि पाणी टिपायला जुनं धोतर. काम कळलं की कॅरेट उचलायचा आणि वर जायचं. पाना आणि पक्कड दोन्ही कॅरेटमध्ये आहेत. चार दहा इंची पाने निघाले होते ना, ते असे कामी आले.

उरलेली मोठी हत्यारं दाराच्या आतल्या फळीवर. प्रत्येकाच्या मागे पिवळ्या रंगाने त्याचाच आकार काढलाय आणि शेजारी खुंटी. भाच्याचे चार बिल्ले, हेल्पर पोराचे चार. पितळी मिळाले नाहीत, म्हणून ॲल्युमिनियमची पट्टी कापून त्यावर पंचने नंबर ठोकले. पोरगं ड्रिल वर घेऊन गेलं की त्याचा बिल्ला खुंटीवर. महिनाभराने एका संध्याकाळी सॅलिसबरी पार्कातून निघताना ड्रिलच्या जागी पोराचा 3 नंबरचा बिल्ला लटकताना दिसला. पोरगं काही न बोलता परत गेलं आणि बाथरूमच्या डक्टमधून ड्रिल घेऊन आलं. ते मशीन गेलं असतं तर त्याच्या कित्येक दिवसांच्या मजुरीएवढा फटका होता.

पाइपांचं तेवढं अजून जमलेलं नाही. दहा फुटी पाइप ईकोच्या आत सरळ बसत नाही. टपावर दोरीने बांधले की उन्हात वाकतात आणि खड्ड्यात एखादा निसटतो. भाच्याची कल्पना अशी, की टपावर चार इंची ड्रेनेजचा पाइप आडवा बसवायचा, मागे अर्धा फूट जोड द्यायचा, पुढे कायमचं बूच आणि मागे फिरकीचं झाकण, आणि त्यात अर्धा-पाऊण इंची पाइप सरकवायचे. मला कल्पना पसंत आहे, फक्त क्लॅम्प कुठल्या जाडीचा घ्यायचा यावर आमचं एकमत होत नाही. रविवारी सकाळी बोहरी आळीची बरीचशी दुकानं बंद असतात, म्हणून शनिवारी संध्याकाळीच त्याला घेऊन तिकडे जाणार आहे.