पानावरचा पहारा

आपल्या अंगात जंतू शिरला की रक्तातल्या पांढऱ्या पेशी धावून जातात. परसातल्या मिरचीला मात्र रक्तही नाही आणि धावणाऱ्या पेशीही नाहीत. तिच्या प्रत्येक पेशीला आपला पहारा आपणच द्यावा लागतो. कसा, ते या वेळी पाहू.

पेशीच्या आवरणावर काही प्रथिने बसवलेली असतात. त्यांना ग्राहक म्हणतात. 'एफएलएस२' हा त्यातला प्रसिद्ध ग्राहक. मोहरीच्या कुळातल्या अ‍ॅराबिडॉप्सिस नावाच्या छोट्या रोपात तो २००० साली ओळखला गेला. पुष्कळ जिवाणू शेपटीसारख्या धाग्याने पोहतात. त्या धाग्याच्या प्रथिनाचा २२ अमिनो आम्लांचा तुकडा हा ग्राहक ओळखतो. तो चिकटला की काही सेकंदांत 'बॅक१' हा जोडीदार येऊन मिळतो आणि पेशीत धोक्याची वर्दी जाते.

पण वर्दी चालूच राहिली तर? तो तुकडा सतत दिलेली रोपे खुरटतात, असे प्रयोगांत दिसले. कारण बचावाला लागणारी ताकद वाढीतूनच काढली जाते. म्हणून पेशी वापरलेला ग्राहक आवरणावरून आत ओढून घेते. २००६ साली शास्त्रज्ञांनी चमकणारे प्रथिन जोडून हे सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. गंमत म्हणजे वर्दी द्यायला मदत करणारा 'बॅक१'च ग्राहकावर मोडीची खूण करणाऱ्या प्रथिनांना कामाला लावतो. खूण झालेला ग्राहक मोडीत निघतो. मग पेशी नवा ग्राहक बनवून जागेवर बसवते, आणि पुढच्या हल्ल्यासाठी पहारा पुन्हा सज्ज होतो.

जंतूही कमी धूर्त नाहीत. टोमॅटोवर रोग आणणारा एक जिवाणू पेशीत असे प्रथिन सोडतो, की ते स्वतःच ग्राहकावर मोडीची खूण करते. वर्दी जाण्याआधीच पहारेकरी गायब!

हे सारे प्रयोगशाळेपुरते नाही. भातावरचा कडा करपा कोकणातल्या शेतकऱ्यांच्या ओळखीचा आहे. आफ्रिकेतल्या मालीकडच्या रानटी भातात त्याला ओळखणारा 'एक्सए२१' हा ग्राहक सापडला. संकर करून तो हैदराबादच्या शास्त्रज्ञांनी 'सुधारित सांबा महसुरी' या वाणात आणला.

आता रोपाला पाणी घालताना मुलांना एवढे जरूर सांगा: हे झाड गप्प उभे दिसते, पण त्याच्या पानापानावर पहारा बदलतो आहे.