सायलेन्सरवर रोलर फिरवून झाला, आता पुढे काय?

मंडळी, पोस्ट मोठी आहे. अर्धी वाचून शिव्या देऊ नका, पूर्ण वाचून द्या.

मोबाईलवर एक व्हिडिओ सारखा फिरत असतो. गाव बदलतं, व्हिडिओ तोच. रस्त्यावर मॉडिफाय केलेल्या सायलेन्सरची रांग मांडलेली, त्यावरून रोडरोलर फिरतोय, बाजूला साहेब उभे, मागे देशभक्तीपर गाणं. खाली कमेंट: 'एकदम बरोबर', 'पोरांना फटके द्या', 'बाप काय झोपलाय का?' लाईक हजारात. दोन महिन्यांनी त्याच गावात परत तेवढेच सायलेन्सर जमा होतात. परत रोलर, परत टाळ्या.

मी विचारतो, रोलर फिरवून झाला, आता पुढे काय?

आधी पोरांचं बोलतो, म्हणजे कुणाला वाटायला नको की मी त्यांची वकिली करतोय.

आमच्या ब्राह्मणपुरीत रात्री जेवणं झाली की लांबून आवाज येतो. आधी गुरगुर, मग एकदम फाटल्यासारखा. कोण कुणापुढे गेला ते घरात बसून कळतं. हीच गोष्ट शहाद्यात, खेतियाकडे, प्रकाशाकडे, जिथं रस्ता सरळ आणि नवा झालाय तिथं. पोरं म्हणतात, 'दादा, रात्री रस्ता मोकळा असतो.' मोकळा नसतो रे. तुला दिसत नाही एवढंच.

साधा हिशेब करा. ताशी १२० किलोमीटर म्हणजे सेकंदाला ३३ मीटर. समोर काही दिसल्यावर ब्रेकवर पाय जाईपर्यंत दीड सेकंद गेला तर ५० मीटर आधीच कापले. त्यानंतर चांगला रस्ता, चांगले टायर, चांगले ब्रेक धरूनही थांबायला आणखी ८० मीटर. झाले १३०. आणि डिपरवर गाडीचा उजेड जेमतेम ५०-६० मीटर पडतो. म्हणजे तुला ती वस्तू दिसली तेव्हाच तू तिच्यात घुसलेला आहेस, फक्त अजून पोचायचा आहेस. आपल्या भागात रात्री रस्त्यावर काय असतं? रिफ्लेक्टर नसलेली उसाची ट्रॉली. केळी-पपई भरून निघालेला ट्रक. पंक्चर झाली म्हणून दगड लावून उभं केलेलं ट्रॅक्टर. पाणी द्यायला शेतात निघालेला माणूस. त्यांनी कुणी शर्यतीत नाव दिलेलं नाही. त्यामुळे रस्त्यावरची रेस म्हणजे गुन्हा. त्यात माझ्याकडून काडीची सवलत नाही.

आणि पालकांनो, अठरा वर्षांच्या आतल्या पोराच्या हातात गाडी देत असाल तर मोटार वाहन कायद्याचं कलम १९९-अ एकदा कुणाकडून वाचून घ्या. पोरानं गुन्हा केला तर मालकाला किंवा पालकाला ३ वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार दंड, गाडीची नोंदणी १२ महिने रद्द, आणि त्या पोराला २५ वर्षांचा होईपर्यंत लायसन्स नाही. १९ मे २०२४ ला पुण्यात कल्याणीनगरला काय झालं ते सगळ्यांनी पाहिलं. अल्पवयीन पोरगा, कोट्यवधींची पोर्शे, दोन तरुण इंजिनिअर जागेवर संपले, आणि जामिनासाठी ३०० शब्दांचा निबंध. आपल्याला निबंधावर कुणी सोडणार नाही, एवढं लक्षात ठेवा.

आता दुसरी बाजू. ती कुणी लिहीत नाही म्हणून मी लिहितोय.

ज्या पोरांना आपण टवाळ म्हणतो, त्यातली चार-पाच मी जवळून पाहिलीत. एक फॅब्रिकेशनच्या दुकानात कामाला आहे. बारावीला नापास. त्यानं भंगारातून जुन्या मारुती ८०० चं इंजिन आणलं. ७९६ सीसी, तीन सिलेंडर. स्वतः खोललं, रिंगा बदलल्या, हेड घासून आणलं, पाईपची चेसिस बांधली, इंजिन सीटच्या मागे बसवलं, गिअरचं लिंकेज उलटं करून जुळवलं. ड्रॉइंग नाही, मास्तर नाही. मोबाईलवर बघून आणि हातानं मोजून. गाडी चालते! आज ती त्याच्या घरामागे ताडपत्रीखाली उभी आहे, कारण रस्त्यावर काढली तर जप्त होईल आणि रस्त्याशिवाय दुसरी जागाच नाही.

पण त्या गाडीत एक दोष आहे, तोही सांगतो. पिंजरा त्यानं फर्निचरच्या पाईपचा केलाय. गाडी उलटली तर तो पाईप दबणार आणि आत माणूस चेंगरणार. हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. इंजिनिअरिंगची मुलं 'बाहा एसएई इंडिया' स्पर्धेसाठी जी गाडी बांधतात, तिचं नियमाचं पुस्तक असतं. पिंजऱ्याचा पाईप कोणत्या स्टीलचा, त्यात कार्बन किमान ०.१८ टक्के, बाहेरून एक इंच, जाडी ३ मिलिमीटर, सीटबेल्ट किती पट्ट्यांचा, इंजिन बंद करायचं बटण कुठं, आग विझवायचं नळकांडं कुठं. सगळं लिहिलेलं. गाडी आधी तपासतात, ब्रेकची चाचणी घेतात, नापास झाली तर धावूच देत नाहीत. ही स्पर्धा २००७ पासून सुरू आहे आणि अनेक वर्षं भरली कुठं? पिथमपूरला. इंदूरच्या अलीकडे. खेतिया-सेंधव्यावरून आग्रा रोड धरा, पुण्यापेक्षा जवळ आहे. तिथं आता ११.३ किलोमीटरचा हायस्पीड टेस्ट ट्रॅक आहे. आपल्या दारातून चार-पाच तासांवर देशाच्या गाड्या तपासल्या जातात, आणि आपल्या पोराला पाईपची जाडी सांगणारा माणूस भेटत नाही.

'पण कायद्यात बंदीच आहे ना?' असं म्हणणाऱ्यांसाठी.

कलम १८९ नीट वाचा. सार्वजनिक ठिकाणी राज्य सरकारच्या लेखी संमतीशिवाय वाहनांची शर्यत लावणं किंवा तीत भाग घेणं हा गुन्हा आहे. पहिल्यांदा ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा ५ हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. 'लेखी संमतीशिवाय' हा शब्द कायद्यातच आहे. म्हणजे संमती देता येते, आणि ती कशी द्यायची याचं दार कायद्यानं उघडं ठेवलंय. ते दार कुणी ठोठावतच नाही. गाडीत बदल करण्याचं वेगळं. कलम ५२ आणि जानेवारी २०१९ चा सुप्रीम कोर्टाचा निकाल स्पष्ट आहे, कंपनीच्या मूळ रचनेत मनाला येईल तसे बदल करून गाडी रस्त्यावर आणता येत नाही. मान्य. मी रस्त्यावर आणायचं म्हणतच नाहीये. गाडी ट्रॉलीवर टाकून आणा, बंद पट्ट्यावर चालवा, ट्रॉलीवर टाकून घरी न्या. जगभर असंच चालतं.

आणि हेच सरकार, हेच पुढारी बैलगाडा शर्यतीसाठी काय काय करतात ते आठवा. २०१४ ला सुप्रीम कोर्टानं बंदी घातली. २०१७ ला विधिमंडळानं कायदा बदलला. १६ डिसेंबर २०२१ ला परवानगी मिळाली, १८ मे २०२३ ला घटनापीठानं शिक्कामोर्तब केलं. फटाके वाजले. मी शर्यतीच्या विरोधात नाही, बैल जपणारा शेतकरी मला माहीत आहे. मुद्दा असा, की नियम लिहिले गेले: धाव १००० मीटरपेक्षा जास्त नको, जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी, ५० हजारांची अनामत. दहीहंडीला २०२२ मध्ये साहसी खेळाचा दर्जा दिला, गोविंदांचा विमा काढला. आपल्याच तालुक्यात सारंगखेड्याला दत्तजयंतीला घोडेबाजार भरतो, तिथं घोडे पळतात, मंत्री येतात, पोलीस बंदोबस्त लागतो, ॲम्ब्युलन्स उभी असते. कौतुकच आहे. मग बैलासाठी नियम होतात, घोड्यासाठी मैदान होतं, थरांसाठी विमा होतो, आणि स्वतःच्या हातानं इंजिन बांधणाऱ्या पोरासाठी फक्त रोडरोलर?

ड्रॅग रेस म्हणजे काय ते माहीत नसलेल्यांसाठी थोडक्यात. दोन गाड्या, उभ्यातून सुरुवात, सरळ पट्टा, ४०२ मीटर म्हणजे पाव मैल. पुढे थांबायला तेवढीच किंवा जास्त जागा. वळण नाही, ओव्हरटेक नाही. मोटारीच्या खेळांत कमी जागेत होणारा हा एक. बैलांना जेवढा पट्टा लागतो तेवढ्यात हे बसतं.

आणि हा खेळ जन्मला कसा? अमेरिकेत कॅलिफोर्नियात दुसऱ्या महायुद्धानंतर पोरं जुन्या फोर्ड घरी फाडून-जोडून रात्री रस्त्यावर पळवायची. माणसं मरायची, पेपरात बोंब. १९५१ मध्ये वॉली पार्क्स नावाच्या माणसानं एनएचआरए ही संघटना काढली. हेतू एकच, पोरांना रस्त्यावरून उचलून पट्ट्यावर आणायचं. १९५३ मध्ये त्यांची पहिली अधिकृत रेस पोमोना गावात जत्रेच्या मैदानाच्या पार्किंगमध्ये झाली, तिथल्या पोलिसांच्या मदतीनं. होय, पोलिसांच्या मदतीनं. तिथंही माणसं दगावली, तेव्हा त्यांनी नियम कडक केले. २००८ मध्ये एक चालक गेला तर सगळ्यात वेगवान गटांची धाव ४०२ वरून ३०५ मीटरवर आणली.

परदेशाचं सोडा. चेन्नईजवळ शोलावरमला महायुद्धातली पडीक धावपट्टी होती, तिथं वर्षानुवर्षं मोटारींच्या शर्यती झाल्या. कोइमतूरच्या करिवर्धन यांनी मारुती ८०० चं इंजिन घेऊन एकाच सीटची 'फॉर्म्युला मारुती' बांधली. त्याच गाड्यांवर हात साफ करून नारायण कार्तिकेयन पुढे फॉर्म्युला वनला पोचला. आपल्या ताडपत्रीखालच्या गाडीत तेच इंजिन आहे, लक्षात आलं का? महाराष्ट्रात लोणावळ्याजवळ ॲम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर 'व्हॅली रन' होते. हेल्मेट, तपासणी, टायमिंग, ॲम्ब्युलन्स सगळं असतं. मुंबई-पुण्याच्या पैसेवाल्याला पट्टा मिळतो, मग त्याचा छंद ठरतो. आपल्या पोराला पट्टा नाही, म्हणून त्याची टवाळी ठरते.

सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रेचे दत्तात्रय लोहार आठवतात? यशवंतराव चव्हाणांच्या जन्मगावचा माणूस. भंगारातून साधारण ६० हजारांत छोटी जीप केली, किक मारून सुरू होणारी. डिसेंबर २०२१ मध्ये आनंद महिंद्रांनी व्हिडिओ पाहिला, म्हणाले ही नियमात बसत नाही, आज ना उद्या अडवली जाईल, मी बोलेरो देतो, ही गाडी आमच्या संशोधन केंद्रात ठेवतो. चांगलं केलं. पण त्यांनी जे ओळखलं ते आपल्या व्यवस्थेला का ओळखता येत नाही? प्रत्येक गावच्या कारागिराला उद्योगपतीचं ट्विट मिळणार आहे का?

आता नेहमीचा आक्षेप: 'जिल्ह्यात कुपोषण आहे, रस्ते नाहीत, आणि तुम्हाला रेस सुचते?' आक्षेप खरा आहे. नंदुरबार आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत आहे, ते आपण रोज भोगतो. म्हणूनच मी ट्रॅक बांधा म्हणत नाही. दवाखान्याचा एक रुपया नको. फक्त एक किलोमीटरचा सरळ पट्टा, वर्षातून दोन दिवस, आणि लिहिलेले नियम. बदल्यात काय मिळेल? ज्या पोराला वेल्डिंग, मशिनिंग, ब्रेक, सस्पेन्शन हातानं येतं, त्याला ते पुस्तकातूनही कळेल. तो सुरतला हेल्पर म्हणून जाण्याऐवजी इथं ऊस, केळी, पपईसाठी अवजार बांधेल.

माझ्या मागण्या, सरळ:

१. जिल्हाधिकारी, पोलीस अधीक्षक आणि आरटीओ यांनी एक बैठक लावावी. कलम १८९ ची लेखी संमती कोणत्या अटींवर मिळेल ते कागदावर सांगावं.

२. जागा बघावी. बंद करता येईल असा सरळ पट्टा, किंवा धुळ्याजवळ गोंदूरच्या धावपट्टीसाठी विचारणा. वैमानिक प्रशिक्षणाला धक्का न लावता एखादा दिवस. नाही म्हणाले तर कारण लेखी द्यावं.

३. आयटीआय आणि शहाद्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजनं रविवारी वर्कशॉप उघडं ठेवावं. दहावी-बारावी नापासलाही आत येऊ द्यावं. पिंजरा, वेल्ड, ब्रेक तपासून द्यावेत.

४. रस्त्यावर रेस करताना सापडला तर पूर्ण कारवाई, कुणाच्याही भाऊचा फोन आला तरी. आणि तो वर्षभर पट्ट्यावरूनही बाद.

चौथ्या मुद्द्यावर पुढाऱ्यांनी जरा आरशात बघावं. वाढदिवसाला शंभर मोटारसायकलींची रॅली कोण काढतं? बिनहेल्मेट, तिघं-तिघं, सायलेन्सर फाडलेले. तेव्हा पेट्रोलचे पैसे कोण देतं? त्या दिवशी रोलर कुठं असतो?

आणि पोरांनो, तुम्हाला शेवटचं. पट्टा मिळेल तेव्हा मिळेल, मी पाठपुरावा करतोय, अर्ज तयार आहे. पण तोवर एकाही रात्री रस्त्यावर रेस झाली तर आपली मागणी तिथंच मेली. साहेब तेच दाखवून फाईल बंद करतील. गाडी बांधा, खोला, परत बांधा. फर्निचरचा पाईप काढा. रस्त्यावर आणू नका.

शहादा-तळोद्याकडचे जे मेकॅनिक, फॅब्रिकेटर, आयटीआयचे मास्तर हे वाचत असतील, त्यांनी कमेंटमध्ये नाव आणि गाव टाका. अर्जावर सह्या लागणार आहेत. नुसता अंगठा दाखवून पुढे जाऊ नका.