उसनें ओझें आणि खरें ओझें

गरोदरपणाच्या अखेरच्या महिन्यांत स्त्रीच्या देहावर कोणता भार पडतो, हें विद्यार्थ्यांस स्वानुभवानें कळावें, म्हणून पोटापाशीं वजन भरलेलें जाकीट परदेशांत कित्येक ठिकाणीं वापरतात. जपानांत २०१६ सालीं तीन प्रांतांच्या गव्हर्नरांनीं आणि २०२१ सालीं तेथील संसदेच्या तीन पुरुष सभासदांनीं असें ७.३ किलो वजनाचें जाकीट अंगावर वागविलें. हा प्रयोग कोल्हापुरांतील महाविद्यालयांतही व्हावा असें आम्ही म्हणूं लागलों कीं सुशिक्षित मंडळी दोन आक्षेप घेतात : एक, हा प्रकार पोरकट आहे, दुसरा, तो असभ्य आहे.

पहिल्या आक्षेपांत थोडें तथ्य आहे. जाकिटानें कंबर भरून येते, वांकतां येत नाहीं, जिना चढतांना धाप लागते; इतकें कळतें. परंतु गर्भवतीच्या शरीरांतील रक्त ४० ते ५० टक्क्यांनीं वाढलेलें असतें, सांध्यांचे बंध सैल झालेले असतात, पोटांतला जीव रात्रीं झोंपूं देत नाहीं. हें कोणत्याही शिंप्यास शिवतां येणार नाहीं. शिवाय घंटा झाली कीं जाकीट काढून ठेवतां येतें. तथापि नकाशा म्हणजे देश नव्हे, एवढ्यासाठीं भूगोलाच्या वर्गांतून नकाशे कोणी काढून टाकीत नाहीं.

सभ्यतेचा आक्षेप मात्र आम्हांस मुळींच मान्य नाहीं. गाळपाचा हंगाम सुरू झाला कीं बीडकडील ऊसतोड कुटुंबें शिरोळ, हातकणंगले, करवीर या तालुक्यांतून उतरतात. नवराबायको मिळून एक 'कोयता' अशी त्यांची गणना. मुकादमाची उचल आधींच अंगावर असते आणि खाडा झाला कीं पैसे कापले जातात. म्हणून दिवस भरत आलेली बाईही ऊस तोडते, मोळी बांधते आणि ती डोक्यावर घेऊन वाहनाला लावलेल्या फळीवरून वर चढते. २०१९ सालीं नेमलेल्या सरकारी समितीच्या पाहणींत बीड जिल्ह्यांतील ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांपैकीं १३,८६१ जणींची गर्भाशय काढण्याची शस्त्रक्रिया झालेली आढळली. या कशानेंही ज्यांच्या सभ्यतेस धक्का बसला नाहीं, त्यांना वर्गांतलें कापडी पोट पाहून लाज वाटावी, हें नवल आहे.

मुंबई इलाख्यांत कामगार स्त्रीस प्रसूतीच्या वेळीं विश्रांति व भत्ता देणारा कायदा १९२९ सालीं झाला. त्यापूर्वीं १९२८ सालीं कायदेमंडळांत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं त्याचा पुरस्कार केला होता. २०१७ सालीं पगारी रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवड्यांवर गेली. ती आम्हां प्राध्यापकांच्या घरांत पोंचली. ज्या बाईच्या कष्टांवर आमच्या चहांतली साखर येते तिच्या कोपींत पोंचली नाहीं. कारण तिचा मालक मुकादम कीं कारखाना, या प्रश्नाचें उत्तर देण्याची कोणाचीच इच्छा नाहीं.

म्हणून आमची सूचना अशी कीं, विद्यार्थ्यांनीं जाकीट अवश्य घालावें, पण तें उसाच्या फडांत घालावें व एक मोळी उचलून पाहावी. परत आल्यावर करुणेवर निबंध लिहूं नये. या बाईच्या रजेचा पैसा कोणीं द्यावा, हें कारखान्यांच्या संचालकांस जाऊन विचारावें. त्यांतील कित्येक शिक्षणसंस्थांचेही चालक आहेत, तेव्हां त्यांची गांठ पडण्यास विद्यार्थ्यांस दूर जावें लागणार नाहीं.